डोंगर चढावा फोटो काढत काढत

वाचकहो, आपल्या रायगड जिल्ह्यात डोंगरांना तोटा नाही. मागील दारी उभे राहिले तरी एखादा डोंगर समोर दिसतोच. तोटा आहे तो डोंगर चढणाऱ्यांचा. एके काळी डोक्यावर पाटी घेऊन डोंगरापलीकडच्या बाजाराला पायी जाणारी माणसे याच मुलखात होती. आज त्यांचीच मुले-नातवंडे नाक्यावरून दुधाची पिशवी आणायलाही मोटारसायकल काढतात. मग चाळिशी ओलांडली की दवाखान्यात येतात. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला आणि पॅंटचा पट्टा दोन भोके पुढे सरकलेला!

"चाला," असे आम्ही डॉक्टर मंडळी सांगतो. त्यावर ठरलेले उत्तर मिळते, "डॉक्टर, रोज त्याच रस्त्याने चालायचा कंटाळा येतो हो." ही तक्रार खोटी नाही. डांबरी रस्त्याच्या कडेने, अंगावर येणारे डंपर चुकवत, घड्याळाकडे बघत चालण्यात कसला आनंद? औषध कडू असले तर चार दिवस घेतले जाते, पाचव्या दिवशी सुटते. व्यायामाचेही तसेच आहे.

अशा कंटाळलेल्या मंडळींना मी गेली काही वर्षे एक साधा उपाय सुचवत आलो आहे. वर्षातून दोन-तीन वेळा दोन दिवसांची सुटी काढा, एखाद्या लहानशा गावी जा, तिथला सोपा डोंगर चढा आणि हातात कॅमेरा ठेवा. हल्ली तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतोच. किल्ला सर करायचा नाही, कोणाशी शर्यत लावायची नाही. चालायचे, थांबायचे, पाहायचे आणि फोटो काढायचा. यातले 'थांबायचे' हे औषध चालण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा लेख.

बसचा ड्रायव्हर आणि बसचा कंडक्टर

चढण्याचा आणि हृदयाचा संबंध शास्त्राने फार पूर्वी दाखवून दिला. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिन्यावरून वर-खाली करणारा. दोघांचे खाते एकच. तरीही हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. आज आपण जवळजवळ सगळेच त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसलो आहोत. दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीच्या खुर्चीवर, नाहीतर टीव्हीसमोर.

जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवसांच्या सहलीने हे भागत नाही, हे उघड आहे. पण सहल ठरली की तिच्या तयारीसाठी माणूस महिनाभर आधीपासून चालू लागतो आणि परत आल्यावर पुढच्या सहलीसाठी चालत राहतो. हा माझा अनुभव आहे.

म्हसळाच का?

गेल्या जानेवारीत आम्ही आठ जण म्हसळ्याला गेलो होतो. वये पंचेचाळीस ते अडुसष्ट. चौघांना मधुमेह, तिघांना रक्तदाब, एका निवृत्त शिक्षिकाबाईंना गुडघेदुखी. लोक श्रीवर्धन-हरिहरेश्वरला जाताना म्हसळ्याच्या स्टॅंडवर एसटी थांबली की चहा पितात आणि पुढे जातात. खरे तर हे जुने गाव. मुरूड आणि श्रीवर्धनप्रमाणे म्हसळा हाही जंजिरा संस्थानातला एक महाल होता. कोकण रेल्वेने किंवा मुंबई-गोवा महामार्गाने माणगावपर्यंत यावे आणि तिथून एसटीने घाटरस्त्याने म्हसळ्यात उतरावे.

आमच्यासारख्यांना हा मुलूख सोयीचा, कारण इथले डोंगर बेताचे आहेत. रायगड किंवा राजमाची यांच्यासारखी दमछाक नाही. तासाभराच्या चढाने माथ्यावर पोचता येते. एका बाजूला आत शिरलेली खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची मोकळी झालेली खाचरे, वालाचे हिरवे पट्टे, मधूनमधून आंबा-काजूच्या बागा. थंडीत पहाटे खाडीवर धुके साचते आणि सूर्य वर आला की हळूहळू विरते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा इथल्या बागांची आणि घरांची फार हानी झाली. आज पुन्हा लावलेली कोवळी झाडे पाहताना मनाला उभारी वाटते.

कॅमेऱ्याची वेळ तीच हृदयाची वेळ

चांगला फोटोग्राफर भर दुपारी डोंगराचा फोटो काढत नाही. ऊन डोक्यावर असले की सावल्या आखडतात, डोंगराच्या घड्या दिसत नाहीत, सगळे पांढरट आणि सपाट वाटते. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे पडते. तेव्हा प्रत्येक घळीत सावली भरते, गवताची पाती सोनेरी होतात आणि डोंगराला खोली येते.

नेमके हेच वेळापत्रक आम्ही डॉक्टर सांगत असतो. कोकणच्या दमट हवेत घाम सुटतो खरा, पण तो वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही आणि हृदयावरचा ताण वाढतो. म्हणून सकाळी उजाडल्यावर निघावे आणि दहाच्या आत खाली यावे. दुपारी जेवून विश्रांती घ्यावी आणि चारनंतर पुन्हा थोडे फिरावे. मात्र उठल्याबरोबर थंडीत एकदम चढाला लागू नये. पहिली दहा-पंधरा मिनिटे सपाटीवर चालून अंग गरम करावे.

चढताना वेग किती ठेवावा? त्याला यंत्र लागत नाही. चालता चालता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले तर थांबावे.

इथेच कॅमेरा कामाला येतो. नुसते थांबायला माणसाला लाज वाटते. 'म्हातारा झालो' असे कोणी म्हणेल ही भीती असते. फोटो काढायला थांबले की कोणी काही म्हणत नाही. चौकट ठरवावी, क्षितिज तिरके होत नाही ना ते पाहावे, पुढ्यात एखादे झाड किंवा दगड घ्यावा म्हणजे दूरच्या खाडीचे अंतर कळते. एवढे करीपर्यंत दोन मिनिटे जातात, नाडी खाली येते, श्वास बसतो. जुन्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असे. मी सर्वांना तोच नियम घालून दिला होता. दिवसाला ३६ फोटो, त्यापेक्षा जास्त नाही. त्यामुळे प्रत्येक फोटोपूर्वी माणूस नीट पाहतो.

शेठजींचे चार फोटो

या फोटोंचा एक वेगळाच उपयोग त्या सहलीत झाला. ज्यांची ही हकिगत आहे त्यांच्या परवानगीने ती सांगतो. आमच्यात एक अठ्ठावन्न वर्षांचे किराणा व्यापारी होते. त्यांना मधुमेह बारा वर्षांचा. निघण्यापूर्वी सर्वांचे कार्डिओग्राम काढले होते, त्यांचाही निर्दोष आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरचा डोंगर चढत होतो. शेठजी पुन्हा पुन्हा फोटोसाठी मागे राहू लागले. मी मागे वळून पाहिले. मोबाइल डोळ्यांसमोर धरलेला, पण दुसरा हात छातीच्या मधोमध.

"शेठ, छातीत काही होतंय का?"

"छे हो डॉक्टर! रात्री पोपटी जरा जास्त झाली, त्याची ॲसिडिटी. फोटो काढतोय, तुम्ही व्हा पुढे."

आदल्या रात्री यजमानांनी भांबुर्ड्याचा पाला लावून मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी केली होती, ही गोष्ट खरी. पण पोपटीची ॲसिडिटी चढावर वाढत नाही आणि थांबल्यावर दोन मिनिटांत जात नाही. मी त्यांना सावलीत बसवले आणि मोबाइल मागून घेतला. शेवटचे चारही फोटो जवळजवळ सारखेच. तोच उतार, तेच गवत, एकाचीही चौकट धड नाही. मोबाइलमध्ये प्रत्येक फोटोची वेळ नोंदलेली असते. ७.३२, ७.४०, ७.४५, ७.४८. थांब्यांमधले अंतर आठ मिनिटांवरून पाचवर आणि पाचवरून तीनवर आले होते. माणूस थापा मारत होता, फोटो खरे बोलत होते!

खोदून विचारल्यावर त्यांनी कबूल केले की दुकानातल्या माळ्यावर पोती चढवतानाही महिनाभर असेच भरून येत होते. घरी सांगितले नव्हते. "मुलीचं लग्न तोंडावर आलंय, उगाच घोर कशाला?" हे त्यांचे कारण.

तो चढ तिथेच संपवला. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली. तरीही त्यांना ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली, गाडी शक्य तितकी वर आणवली आणि त्याच दिवशी रुग्णालयात नेले. पुढे मुंबईला ॲन्जिओग्राफी झाली. हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के अरुंद झालेली आढळली. तिथे स्टेंट बसवला. मुलीचे लग्न ठरल्या तारखेला झाले आणि शेठजी मांडवात स्वतःच्या पायांवर उभे होते.

यातून वाचकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, श्रम केल्यावर छातीत, जबड्यात, गळ्याशी किंवा डाव्या हातात दाटल्यासारखे होणे आणि विश्रांतीने ते जाणे, ही हृदयाच्या रक्तपुरवठ्याची तक्रार आहे असेच समजावे. दुसरी, आडवे झोपून काढलेला कार्डिओग्राम चांगला असला तरी श्रमाच्या वेळी हृदय काय करते ते त्यात दिसेलच असे नाही. तिसरी, मधुमेहींना आणि स्त्रियांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, विलक्षण थकवा येतो. त्रास विश्रांतीनेही थांबला नाही तर एक मिनिट न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी.

गुडघे आणि गिधाडे

आता उताराविषयी. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत ब्रेकचे काम करावे लागते आणि गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. म्हणून उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, सरळ खाली न येता नागमोडी यावे आणि हातात बांबूची काठी ठेवावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात, तो आजार नव्हे. दोन-तीन दिवसांत ते आपोआप जाते. उतरण्याचा फायदाही आहे. ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी काही लोकांना फक्त चढायला आणि काहींना फक्त उतरायला लावून पाहिले. परतीचा प्रवास दोघांचाही पाळण्यातून. नुसत्या उतरण्यानेही शरीराची साखर जिरवण्याची शक्ती सुधारलेली दिसली. मधुमेहींना ही आनंदाची बातमी आहे.

आमच्या शिक्षिकाबाईंनी पर्समधून दुखण्याची गोळी काढली आणि विचारले, "डॉक्टर, चढायच्या आधीच एक घेऊन टाकू का?" मी त्यांना गिधाडांची गोष्ट सांगितली. म्हसळा तालुक्यात चिरगाव म्हणून गाव आहे. तिथल्या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. महाडच्या 'सिस्केप' या संस्थेने अनेक वर्षे त्यांच्या रक्षणासाठी खपून काम केले आहे. ही गिधाडे भारतभर शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. कारण कळले ते २००४ साली. दुखऱ्या गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडत होती. जनावरांसाठी हे औषध भारतात २००६ साली बंद झाले. त्याच जातीची ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधेही २०२३ साली जनावरांसाठी बंद करण्यात आली.

माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. परंतु घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झालेले असताना, त्यातही मधुमेह किंवा रक्तदाब असताना, या जातीच्या गोळ्या त्यालाही इजा करतात. दुखणे दाबून डोंगर चढू नये. दुखणे ही शरीराची सूचना आहे. बाईंनी गोळी पर्समध्ये ठेवली, काठी घेतली आणि अर्ध्या वाटेवर जिथे गुडघा बोलू लागला तिथेच बसून खाडीचे फोटो काढले. सहलीतले सर्वांत सुंदर फोटो त्यांचेच आले! आणि हो, गिधाडांचे फोटो काढायचे असतील तर दुरूनच काढावेत. घरट्याजवळ माणूस गेला की पक्षी उडतो आणि अंडे किंवा पिल्लू उघडे पडते.

काटा, विंचू आणि साखर

मधुमेहींनी चपला घालून डोंगर चढू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. बंद बूट, सुती मोजे घालावेत आणि रात्री दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात तपासावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, बसून राहावे आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी.

आपला मुलूख फुरशांचा आणि लाल विंचवांचा आहे. फोटोसाठी बसताना किंवा दगडाला टेकताना आधी पाहावे, मग हात ठेवावा. विंचू चावल्यावर खूप घाम येऊन हातपाय गार पडू लागले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून देऊन अशा रुग्णांचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी केले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे उपचार आपल्याच जिल्ह्यातून जगाला गेले आहेत. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, रुग्णाला न चालवता दवाखान्यात न्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. चालताना फोटो नाही, फोटो काढताना चालणे नाही. मोबाइलच्या पडद्याकडे बघत मागे सरकणे आणि कड्याच्या टोकावर स्वतःचा फोटो काढणे यात माणसे जिवाला मुकली आहेत.

वैद्य सोमदेवाचे लेणे

ज्यांना दुसऱ्या दिवशी चढ नको असेल त्यांनी शेजारच्या तळे तालुक्यातील मांदाडजवळची कुडे लेणी पाहावीत. राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून डोंगरात २६ लेणी कोरलेली आहेत. एका लेण्यासमोर दगडी हत्ती आहे, आत दानशूर जोडप्यांची शिल्पे आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाडीचा फोटो सुरेख येतो. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत ज्यांनी दान दिले त्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, माळी आहेत आणि सोमदेव नावाचा एक वैद्यही आहे. त्याने बापाचे आणि आपल्या मुलामुलींचेही नाव त्यात कोरवले. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर एक वैद्य सहकुटुंब आला असेल तर आजच्या डॉक्टरने आपल्या रुग्णांना तिथे चालत नेण्यात नवल ते काय!

तेव्हा वाचकहो, थंडीचे दिवस यासाठी उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत कधीही जा. पावसाळ्यात निसरड्या वाटा आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांमुळे डोंगर खालूनच पाहावा. चाळिशीपुढील मंडळींनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास, आधी डॉक्टरांना भेटावे आणि चढताना काय होते ते त्यांना खरे सांगावे. महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास चालावे, आठवड्यातून दोन दिवस जिना चढावा. एकट्याने जाऊ नये. कोठे जातो ते घरी सांगून जावे. दोन लिटर पाणी, थोडे चणे-शेंगदाणे-गूळ, टोपी आणि नेहमीच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. मधुमेहींनी गुळाच्या जागी एखादे फळ घ्यावे.

आणि बरोबरचा एखादा माणूस वरचेवर फोटोसाठी मागे राहू लागला, तर त्याला हसू नका. परत जाऊन त्याच्या शेजारी उभे राहा आणि हळूच विचारा, "काही होतंय का?"